गुरूच्या गुरूकडे

1887 साली 'हार्पर्स' मासिकात कादंबरीकार हेन्री जेम्सने 31 वर्षांच्या एका चित्रकारावर लेख लिहिला. चित्रकार होता जॉन सिंगर सार्जंट. जेम्सचं म्हणणं थोडक्यात असं की, कारकिर्दीच्या उंबरठ्यावरच याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि हे पाहताना मनाला थोडी धास्ती वाटते. जेम्स सार्जंटचा मित्र होता, हितचिंतक होता, आणि माणसं वाचण्यात त्याचा हात धरणारे त्या काळात फार थोडे होते. तरीही इथे त्याची गफलत झाली असं मला वाटतं. त्याने निकाल पाहिला. अभ्यास पाहायचा राहून गेला.

आपल्याकडे व्यक्तिचित्रकाराचं कौतुक याच वाटेने चालतं. 'काय हात आहे!', 'देवाची देणगी आहे', 'चौथीत असतानाच मास्तरांचा चेहरा हुबेहूब काढला होता'. या कौतुकाने तरुण चित्रकाराचं काडीचंही भलं होत नाही. ज्याला देणगी मिळाली त्याला शिकण्याचं कारण उरत नाही, आणि ज्याला मिळाली नाही त्याने ब्रश का धरावा, याचं उत्तर कोणी देत नाही. या समजुतीचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून सार्जंटच पुढे केला जातो. चार फटकाऱ्यांत रेशीम, दोन फटकाऱ्यांत मोती, एका ठिपक्यात डोळ्यातली चमक. आपल्या कलाशाळांत पोर्ट्रेट शिकणाऱ्या कितीतरी मुलांचा तो देव आहे. म्हणूनच त्याच्या 1874 ते 1884 या दहा वर्षांकडे नीट पाहायला हवं. ही दहा वर्षं देणगीची गोष्ट सांगत नाहीत. एका विद्यार्थ्याने आपला गुरू कुठून आला हे शोधून काढलं आणि तो थेट त्या ठिकाणी जाऊन उभा राहिला, ही ती गोष्ट आहे. व्यक्तिचित्रकाराच्या शिक्षणात एवढी एक पायरी चुकली तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या चढूनही माणूस माडीवर पोहोचत नाही, असं माझं मत आहे.

बालपण चटकन संपवतो. सार्जंट 1856 मध्ये फ्लॉरेन्सला जन्मला. आईवडील अमेरिकन; वडील फिलाडेल्फियातली डॉक्टरकी सोडून आलेले, आई हौशी जलरंग चित्रकार आणि पायाला भिंगरी लावलेली. उन्हाळा एका देशात, हिवाळा दुसऱ्या. शाळा अशी धड झालीच नाही. आईचा एक नियम मात्र होता असं सांगतात: दिवसभरात हवी तेवढी रेखाटनं सुरू कर, पण त्यातलं एक तरी पुरं झालंच पाहिजे. फ्लॉरेन्सच्या अकादमीत थोडं शिक्षण झालं, आणि मे 1874 मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा वडिलांबरोबर पॅरिसमध्ये कॅरोलस-द्युराँच्या चित्रशाळेत दाखल झाला.

कॅरोलस-द्युराँ हे नाव आज फारसं कोणी घेत नाही. मूळ नाव साधं: शार्ल द्युराँ, लील गावचा. त्याने नावालाही झालर लावून घेतली होती आणि मनगटालाही. तेव्हा तो सदतिशीच्या आत-बाहेर होता आणि पॅरिसच्या श्रीमंत बायकांचा आवडता व्यक्तिचित्रकार होता. त्याची चित्रशाळा मोंपार्नासमध्ये होती; विद्यार्थी बहुतेक इंग्रज आणि अमेरिकन. गुरुजी आठवड्यातून दोनदा येत, एकेका ईझलपाशी थांबत, बोलत, कधी विद्यार्थ्याच्या हातातला ब्रश घेऊन चार फटकारे मारत आणि निघून जात. पॅरिसमधल्या सरकारी कलाशाळेतले मोठमोठे प्राध्यापक हाताशी असताना सार्जंटने हा माणूस निवडला, कारण तो जे शिकवत होता ते त्या वेळी दुसरीकडे सहसा मिळत नव्हतं.

काय शिकवत होता? त्याच चित्रशाळेत शिकलेल्या आर. ए. एम. स्टीव्हन्सनने पुढे 1895 मध्ये स्पॅनिश चित्रकार वेलास्केझवर पुस्तक लिहिलं, त्यात या पद्धतीचं बारकाईने वर्णन आहे. (हा 'ट्रेझर आयलंड'वाल्या स्टीव्हन्सनचा चुलत भाऊ.) आधी कोळशाने डोक्याची जागा आणि प्रमाण धरायचं. मग बारीक ब्रशने, पातळ गडद रंगात ती रेषा पक्की करायची. इथे रेखाटन संपलं. त्या काळची रूढ पद्धत अशी की आता एकाच रंगात सगळी छायाप्रकाशाची मांडणी करावी, ती वाळू द्यावी, तिच्यावर थरांवर थर चढवावेत आणि शेवटी मऊ ब्रश फिरवून सगळे सांधे बुजवावेत. कॅरोलसच्या शाळेत यातल्या कशालाच परवानगी नव्हती. पूर्वतयारीचा थर नाही. चेहऱ्याचे मोठे सपाट भाग, म्हणजे कपाळ, गालाची पुढची बाजू, गालाची वळलेली बाजू, नाकाचा दांडा, हनुवटीखालची सावली, हे प्रत्येकी आपापल्या टोनमध्ये रुंद ब्रशने थेट कोऱ्या कॅनव्हासवर ठेवायचे. फरशीच्या तुकड्यांसारखे. दोन तुकड्यांमध्ये सांधा दिसतोय? बोटाने पुसायचा नाही, ब्रशने घोळवायचा नाही. दोन टोनांच्या मधला तिसरा टोन पॅलेटवर नव्याने कालवायचा आणि तो त्या सांध्यावर ठेवायचा. तो चुकला तर खरवडून पुन्हा कालवायचा.

हे वाचायला सोपं वाटतं. करून पाहा. रंग घोळवता येत नाही म्हटल्यावर चुकीला लपायला जागाच उरत नाही. गाल आणि जबडा यांच्यामधला टोन नेमका किती उबदार आणि किती करडा, याचा निवाडा ब्रश कॅनव्हासला लागण्याआधी करावा लागतो. कॅरोलस अर्ध्या टोनांवर जीव टाकायचा; उजेड आणि सावली कोणालाही दिसते, चेहरा राहतो तो या दोहोंच्या मधल्या प्रदेशात. आणि जे अत्यावश्यक नाही ते चित्राला अपायच करतं, हा त्याचा दुसरा पाठ. सार्जंटच्या ज्या 'झटपट' फटकाऱ्यांवर आपण फिदा होतो ते या शिस्तीचा परिणाम आहेत. फटकारा झटकन होतो. त्याच्या आधीचा विचार झटकन होत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. कॅरोलसकडे सकाळी रंग शिकणारा हाच मुलगा सरकारी कलाशाळेची प्रवेशपरीक्षा देऊन तिथेही रेखाटनाला बसत होता. ती परीक्षा कठीण. परदेशी मुलांना तर जास्तच. शिवाय मित्र कॅरल बेकविथबरोबर तो लेआँ बोन्नाकडे संध्याकाळच्या रेखाटनालाही जात होता, आणि बोन्ना म्हणजे रचना आणि हाडांचा सांगाडा यांबद्दल कडक माणूस. म्हणजे एकीकडे 'रेषा विसर, टोन बघ' म्हणणारा गुरू आणि दुसरीकडे रेषेवाचून पान हलू न देणारी शाळा. परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन तालमी एकाच वेळी चालल्या होत्या. आज आपल्याकडे 'लूज ब्रशिंग' शिकायला येणाऱ्या मुलांना यातला अर्धाच भाग हवा असतो. कवटी कुठे वळते हे माहीत नसलेल्याचं लूज ब्रशिंग हे केवळ लूज असतं.

1879 च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, सार्जंटने आपल्या गुरूचंच व्यक्तिचित्र मांडलं. कॅरोलस-द्युराँ बसलाय, किंचित पुढे झुकलाय, हातात काठी, मनगटाशी झालर, चेहऱ्यावर आपण कोण आहोत याची पुरेपूर जाणीव. वरच्या कोपऱ्यात फ्रेंचमध्ये अर्पणपत्रिका: प्रिय गुरूंना, स्नेहांकित शिष्याकडून. चित्राला सन्माननीय उल्लेख मिळाला आणि सार्जंटचं नाव झालं. हे चित्र म्हणजे गुरुदक्षिणा होती असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पण त्यात थोडी निरोपाचीही छटा आहे. गुरूच्या पद्धतीने गुरूलाच, सगळ्या गावासमोर, गुरूइतकंच किंवा गुरूपेक्षा चांगलं रंगवून झाल्यावर त्या पद्धतीत आणखी काय शिकायचं बाकी राहतं?

इथे बहुतेक तरुण चित्रकार थांबतात. ऑर्डरी यायला लागलेल्या असतात, गुरूचा आशीर्वाद असतो, हात बसलेला असतो. सार्जंट त्याच वर्षाच्या शरद ऋतूत स्पेनला गेला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांची नोंदवही असते, तिच्यात ऑक्टोबर 1879 मध्ये त्याने नाव घातलं आणि वेलास्केझसमोर ईझल लावला.

का? कारण कॅरोलस चित्रशाळेत उठता-बसता एकच नाव घेत असे. वेलास्केझ, वेलास्केझ, वेलास्केझ. स्वतः कॅरोलस तरुणपणी स्पेनमध्ये राहून आला होता. त्याच्या 'हातमोजावाली स्त्री' या 1869 च्या गाजलेल्या चित्रातले ते काळे आणि करडे रंग तिथून आलेले आहेत. शिष्यांना तो जे देत होता ते वेलास्केझचं होतं, पण कॅरोलसच्या हातून आलेलं, म्हणजे थोडं पॅरिसचं अत्तर लावलेलं. सार्जंटला अत्तर नको होतं. घराण्याचं गाणं शिकणारा गवय्या गुरूच्या गुरूच्या ध्वनिमुद्रिका शोधत फिरतो, त्याचं कारणही हेच असतं.

'लास मेनिनास' हे 1656 चं चित्र. राजकन्या, तिच्या दासी, बुटकी बाई, कुत्रा, मोठ्या कॅनव्हासमागे उभा असलेला खुद्द वेलास्केझ आणि मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी. सार्जंटने त्याची लहान आकारात नक्कल केली. इसापाचीही केली; तो इसाप म्हणजे फाटक्या अंगरख्यातला, थकलेल्या डोळ्यांचा म्हातारा. आता नक्कल या गोष्टीबद्दल आपल्या मनात फार गोंधळ आहे. नक्कल करणाऱ्याने चित्र 'तसंच' काढायचं असतं असं आपण समजतो. ईझल लावून समोर उभं राहिल्यावर खरा प्रश्न वेगळाच येतो: हे इतक्या थोडक्यात कसं भागवलं? जवळून पाहावं तर राजकन्येच्या पोशाखावरचं काम म्हणजे नुसते ठिपके आणि ओरखडे. दहा पावलं मागे गेलं की जरीकाम. त्या ठिपक्यांची जागा आणि टोन कोणत्या हिशेबाने ठरले हे नुसतं पाहून कळत नाही. हातात ब्रश घेऊन तोच निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. छापील प्रतीत हे दिसत नाही, कारण रंगाची जाडी आणि चित्राचा आकार दोन्ही तिथे नाहीसे होतात, आणि दहा पावलं मागे जाण्याचा तर प्रश्नच येत नाही.

मजेची गोष्ट म्हणजे ही परंपरा वेलास्केझच्याही मागे जाते. 1628 मध्ये रूबेन्स माद्रिदला आला, तेव्हा तो 51 वर्षांचा, युरोपभर कीर्ती पसरलेला. त्याने तिथे काय केलं? राजाच्या संग्रहातल्या टिशियनच्या चित्रांच्या नकला केल्या. तिशीला टेकलेला दरबारी चित्रकार वेलास्केझ त्याच्या सहवासात होता, आणि पुढच्याच वर्षी तो इटलीला निघाला. पन्नाशी उलटलेला उस्ताद दुसऱ्या उस्तादाची नक्कल करतो, याची तिथे कोणालाही लाज वाटली नाही.

माद्रिदनंतर 1880 मध्ये सार्जंट हॉलंडमधल्या हारलेमला गेला आणि फ्रान्स हाल्सच्या समूहचित्रांतल्या आकृत्या त्याने नकलल्या. वेलास्केझ संयमी, हाल्स मोकळा, हसरा, ब्रशचे वळ उघडे ठेवणारा. सार्जंटमधली चपळाई हाल्सची आहे आणि शांतता वेलास्केझची. पुष्कळ वर्षांनी एका शिष्येने सल्ला विचारला तेव्हा त्याने सांगितलं की आधी हाल्सची नक्कल करा, त्याच्याकडून मिळेल तेवढं सगळं घ्या आणि मगच माद्रिदला वेलास्केझकडे जा. स्वतः मात्र तो नेमका उलट्या क्रमाने गेला होता! मला हा विरोधाभास वाटत नाही. आपण कोणत्या क्रमाने शिकलो आणि कोणत्या क्रमाने शिकायला हवं होतं, यातला फरक ज्याला कळतो तोच पुढे शिकवण्याच्या लायकीचा होतो.

या प्रवासाचं फळ 1882 मध्ये दिसलं. एडवर्ड डार्ली बॉइट नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या चार मुलींचं चित्र. कॅनव्हास जवळजवळ चौरस, दोन्ही बाजूंनी सात फुटांहून मोठा. धाकटी गालिचावर बाहुली घेऊन बसलीय, दुसरी डावीकडे एकटी उभी, दोन थोरल्या मागे अंधाराच्या तोंडाशी, त्यातली एक माणसापेक्षा उंच जपानी फुलदाणीला टेकून, चेहरा वळवून. मधे मोठी मोकळी जागा. तेव्हाच्या टीकाकारांना ती खटकली. हे कसलं व्यक्तिचित्र, मधोमध पोकळी! पण 'लास मेनिनास' समोर उभं राहून रंगवलेल्या माणसाला ठाऊक होतं की खोलीतली हवा हीसुद्धा रंगवायची गोष्ट आहे. इथे वेलास्केझची एकही आकृती नाही, एकही पोशाख नाही. विचार करण्याची रीत तेवढी आली आहे. प्रभाव पचला म्हणजे काय होतं हे मला कोणी विचारलं तर मी हे चित्र दाखवेन.

आणि प्रभाव नाकारायचा कधी? क्लोद मोनेशी सार्जंटची मैत्री होती. उघड्यावर रंगवणाऱ्या मोनेचं चित्रही त्याने केलं. मोनेने पुढे सांगितलेला किस्सा असा: एकदा सार्जंट त्याच्याकडे रंगवायला बसला, पॅलेट पाहिला आणि काळा रंग मागितला. मोनेकडे काळा नव्हताच. तो वापरायचाच नाही. सार्जंट म्हणाला, मग मला रंगवता येणार नाही. इंप्रेशनिस्टांच्या बाजूने बोलणारे हा किस्सा सार्जंटच्या मागासलेपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला तो उलटा दिसतो. काळ्यातून किती करडे निघतात हे माद्रिद आणि हारलेममध्ये ज्याने मोजलं होतं, त्याने केवळ समोरचा मित्र मोठा आहे म्हणून तो काळा का सोडावा? ज्याचं मूळ पक्कं असतं तोच नवं काय घ्यायचं नाही हे ठरवू शकतो.

आता 'एका झटक्यात' या दंतकथेबद्दल. 1884 मध्ये ज्या चित्राने पॅरिसमध्ये गदारोळ झाला ते 'मादाम एक्स', म्हणजे व्हर्जिनी गोत्रोचं व्यक्तिचित्र, त्याच्यासाठी सार्जंटने आदल्या उन्हाळ्यात ब्रिटनीत तिच्या घरी राहून पेन्सिलीची, जलरंगाची, तैलरंगाची ढीगभर अभ्यासचित्रं केली. तिला एका जागी बसवणं हेच कर्मकठीण. तिच्या पोशाखाचा खांद्यावरून ओघळलेला तो बदनाम पट्टाही त्याने नंतर पुन्हा रंगवून जागेवर बसवला. लंडनला गेल्यावरची त्याची काम करण्याची रीत त्याच्यासमोर बसलेल्या कितीतरी लोकांनी लिहून ठेवली आहे: ईझल बसलेल्या माणसाच्या अगदी शेजारी, चित्रकार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिथून दोघांना एकाच नजरेत तोलायचं, धावत पुढे यायचं, एक फटकारा ठेवायचा आणि पुन्हा मागे. दिवसभरात मैलोगणती चाल व्हायची. आणि डोकं जमलं नाही तर पूर्ण डोकं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

या शिक्षणात काही उणं नव्हतं असं मी म्हणत नाही. सार्जंट वारल्यावर 1926 मध्ये लंडनला त्याचं स्मृतिप्रदर्शन भरलं, तेव्हा समीक्षक रॉजर फ्रायने त्याला कलावंत म्हणायलाच नकार दिला. कसबी, हुशार, पण कलावंत नव्हे. हे फार झालं. तरी त्यात निम्मं तथ्य आहे. इतक्या अचूक आणि इतक्या वेगाने निर्णय घेणारा हात काही वर्षांनी आधीचेच निर्णय उगाळायला लागतो. सरदार-उमरावांच्या बायकांच्या काही चित्रांत, विशेषतः 1890 नंतरच्या, सॅटिनकडे जेवढं लक्ष आहे तेवढं चेहऱ्याकडे नाही. हे त्याला स्वतःला कळलं होतं. 1907 च्या सुमाराला, मागणी ऐन भरात असताना, त्याने ऑर्डरीची तैलचित्रं घेणं जवळजवळ बंद केलं आणि जलरंगाकडे, निसर्गाकडे वळला. चांगल्या शिक्षणाचा हाही एक गुण: आपलं काम कधी पोकळ व्हायला लागलं हे ते सांगतं.

आता मुंबईकडे येतो. सार्जंट पॅरिसमध्ये शिकत होता नेमक्या त्याच वर्षांत, 1857 मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यक्तिचित्रकारांची आपली पहिली पिढी घडत होती. त्यांनाही गुरू मिळाले, आणि चांगले मिळाले. पण त्यांच्या गुरूंचे गुरू समुद्रापलीकडे होते. त्यांच्या वाट्याला आले प्लास्टरचे ग्रीक पुतळे आणि छापील चित्रं. विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा रीतसर वर्ग तर तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 मध्ये आला. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार धुरंधर 1890 मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून गेले आणि तिथेच शिक्षक होऊन एकेचाळीस वर्षं राहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच ही वर्षं आहेत. त्यांच्याही आधीचे पेस्तनजी बोमनजी यांनी जे. जे.चेच ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. ते काम 1872 ते 1885 चाललं. पेस्तनजी तैलरंगातलं व्यक्तिचित्रण शिकले ते व्हॅलेंटाइन प्रिन्सेपच्या सहवासात. हा इंग्रज चित्रकार 1877 च्या दिल्ली दरबाराचं चित्र रंगवण्यासाठी हिंदुस्थानात आला होता. म्हणजे भारतीय विद्यार्थ्याला अस्सल, मूळ, अव्वल दर्जाच्या चित्रासमोर महिनोन्‌महिने बसून नक्कल करायची संधी जिथे मिळाली ती जागा अजिंठा होती, आणि त्याला पोट भरायला जी विद्या लागत होती ती युरोपची. तिकडे त्रावणकोरात राजा रविवर्म्याची कथा याहून कठीण. थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार 1868 मध्ये दरबारात आला. त्याने शिकवलं नाही, फक्त काम करताना पाहू दिलं, असं सांगितलं जातं. पाहण्यावर रविवर्मा घडला.

या अडचणीतून आपल्या लोकांनी जे उभं केलं त्याबद्दल मला अपार आदर आहे. गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद, सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, अहमदनगरचे गोपाळ देऊसकर. हळदणकरांची हातात दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. आजही कितीतरी घरांत तिची प्रत रविवर्म्याचं चित्र म्हणून टांगलेली असते, याला काय म्हणावं! पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुंबईच्या या परंपरेतलं जे काम कमी पडतं ते हाताने कमी पडत नाही. ते कमी पडतं तिथे गुरूची पद्धत हेच मूळ समजून पिढ्यान्‌पिढ्या गिरवली गेली आहे. तपकिरी पार्श्वभूमी, डावीकडून उजेड, खांदा किंचित वळलेला, कपाळावर एक चमक. पहिल्या माणसाने हे कुठून तरी, काही कारणाने घेतलं होतं. तिसऱ्याला ते कारण माहीत नव्हतं.

आणि आता तर कोणालाही कारण माहीत असण्याची गरजच उरलेली नाही, कारण समोर बसलेला माणूसच नाहीसा झालाय. बहुतेक व्यक्तिचित्रं फोटोवरून होतात. यात नीतीचा प्रश्न नाही, व्यवहार मला कळतो. ज्या पुढाऱ्याचं चित्र हवं तो दोन तास बसणार नाही आणि ज्या आजोबांचं हवं ते हयात नसतात. प्रश्न शिक्षणाचा आहे. कॅमेऱ्याने सावलीतले टोन आधीच काळ्यात बुडवलेले असतात, उजेडातले पांढऱ्यात घालवलेले असतात, आणि मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक आहे त्यापेक्षा मोठं आलेलं असतं. म्हणजे कॅरोलसच्या शाळेत ज्या अर्ध्या टोनासाठी विद्यार्थी तासभर पॅलेटवर झगडत होता, तो निर्णय यंत्राने घेऊन टाकलेला असतो. मुलगा फक्त तो उतरवून घेतो. त्याची सफाई आजच्या घडीला थक्क करणारी आहे. मी प्रदर्शनांतून अशी कामं पाहतो आणि केसन्‌केस मोजावा असं वाटतं. तरी चेहरा बोलत नाही, कारण कोणी काही ठरवलेलंच नाही.

प्रात्यक्षिकांचंही तेच. दोन तासांत व्यासपीठावर पोर्ट्रेट पुरं, टाळ्या, सेल्फी. नामवंतांची प्रात्यक्षिकं पाहावीत, जरूर पाहावीत. पण तिथे हात दिसतो, आणि हात ही या धंद्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. प्रात्यक्षिक संपल्यावर चित्रकाराला 'कोणता ब्रश वापरता?' असं विचारणारे वीस असतात. 'तुम्ही कोणाच्या चित्रांसमोर बसून शिकलात?' हे विचारणारा एक जरी निघाला तरी त्या संध्याकाळचं सार्थक झालं.

माद्रिद परवडत नाही, हे उत्तर मला माहीत आहे. सगळ्यांना परवडणार नाहीच. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली मूळ युरोपीय तैलचित्रं आहेत. बडोद्याच्या संग्रहालयाच्या चित्रदालनात आहेत, तिथल्याच फत्तेसिंहराव संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, औंधला आहेत. पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये त्रिंदाद आहेत. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात देऊसकरांनी रंगवलेले दोन बालगंधर्व आहेत, एक पुरुषवेशातले, एक स्त्रीवेशातले. नाटकाच्या मध्यंतरात लोक त्यांच्याकडे पाठ करून चहा पितात. ज्याला व्यक्तिचित्रण शिकायचं आहे त्याने यातलं एक चित्र निवडावं आणि वर्षभर त्याच्याकडे जावं. आपल्या शिक्षकाला त्याच्या शिक्षकाचं नाव विचारावं, आणि त्या शिक्षकाचं काम कुठे टांगलेलं आहे ते शोधावं.

आणि संग्रहालय चालवणाऱ्यांना एक विनंती. आठवड्यातली एक सकाळ कलाशाळेच्या मुलांना द्या. मूळ चित्राच्या आकाराची नक्कल करू देऊ नका, टर्पेंटाइनचा वास चालत नसेल तर कोळसा आणि जलरंगच चालतील असं सांगा, जमिनीवर कापड अंथरायला लावा, हव्या तेवढ्या अटी घाला. पण दाराशी एक नोंदवही ठेवा आणि ईझल आत येऊ द्या.